कात्री एकच असते

(घाटकोपरच्या वस्त्यांतील महिला मंडळांनी 'सिंहासन' हा चित्रपट एकत्र बसून पाहिला. त्यानंतर झालेल्या बैठकीत एका कार्यकर्तीने केलेले हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आत्ता दिवे लागले तेव्हा तुमच्यातल्या काहीजणी हसत होत्या आणि काही एकदम गप्प झाल्या होत्या. हा चित्रपट तसंच करतो. दिगू टिपणीस हा बातमीदार सत्तेचा सगळा खेळ जवळून पाहतो आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. निळूभाऊंचं ते हसणं डोक्यातून लवकर जात नाही.

मघाशी चहा घेताना चिरागनगरच्या एक मावशी मला म्हणाल्या, "पिक्चर झकास आहे बाई. पण यात आपण कुठं?" मी आज वेगळंच बोलायचं ठरवून आले होते, टिपणंही काढली होती. मावशींच्या प्रश्नामुळे ती बाजूला ठेवली. या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपल्याला राजकारणावरचे चित्रपट, त्यांच्यावर पडणारा सरकारचा घाव आणि त्यात आपला स्वतःचा हात, या तिन्हींबद्दल बोलावं लागेल. तिसरी गोष्ट थोडी अडचणीची आहे. ती मी शेवटी सांगणार आहे, म्हणजे तुम्ही मधेच उठून जाणार नाही.

आधी आवडीबद्दल बोलू. आपल्याला असले चित्रपट आवडतात, हे मोकळेपणानं मान्य करू या. 'सामना' आठवा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाण्यांची निर्मिती. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील पाहताना गावाकडून आलेल्या प्रत्येकीला आपल्या तालुक्यातला कुणीतरी आठवला. मग १९७९ मध्ये 'सिंहासन' आला, अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी, पत्रकार, सगळे एकाच बुद्धिबळाच्या पटावर. निळू फुल्यांचा पडद्यावरचा पाटील बघून बायाबापड्या बोटं मोडायच्या, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, साधा आणि सज्जन. पण बायांनी दिलेल्या त्या शिव्या म्हणजे नटाला मिळालेली दादच होती. त्या शिव्या खऱ्या पाटलाला तोंडावर देता येत नव्हत्या, म्हणून पडद्यावरच्याला दिल्या.

यात एक मोठी गोष्ट आहे. पुढाऱ्याची भीती वाटते तोवर आपण त्याला प्रश्न विचारत नाही. रेशनच्या रांगेत, पालिकेच्या कचेरीत, झोपडीचा पुरावा दाखवताना साहेबापुढे आपला आवाज बारीक होतो. त्याच साहेबाची पडद्यावर फजिती झाली, त्याला आपण तासभर पोटभर हसलो, की दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलापुढे उभं राहताना पाय थोडे कमी लटपटतात. मी हे पाहिलंय. म्हणून हसणं ही नुसती करमणूक नाही. आणि म्हणूनच सत्तेला ते सहन होत नाही. मोर्चाला लाठी मारता येते, निवेदनाला केराची टोपली दाखवता येते. लोक हसायला लागले की काय करायचं, हे मात्र सत्तेला कळत नाही. मग ती बंदी घालते.

याचा पहिला धडा शोधायला आपल्याला दिल्लीला जायला नको. इथून रेल्वेचे रूळ ओलांडले की चिरागनगर. तिथल्या झोपडीत अण्णाभाऊ साठे राहिले. अमर शेख, गवाणकर आणि अण्णाभाऊंनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही नावंच बघा! गिरणगावात, मैदानात, हजारो माणसं जमिनीवर बसून हे खेळ बघायची आणि शेटजींना, पुढाऱ्यांना खदखदून हसायची. स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्या काही वर्षांतच मुंबई सरकारनं या कलापथकावर बंदी आणली, तमाशावरही आणली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. कलावंतांनी काय केलं? तमाशाला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवले.

पण अण्णाभाऊंबद्दल आपण बायांनी लक्षात ठेवायची गोष्ट आणखी एक आहे. जुन्या तमाशात आधी गण, मग गवळण. गवळणीत काय असतं? मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायांची वाट अडवायची, त्यांची चेष्टा करायची, मावशी झालेल्या पुरुषाच्या तोंडून चावट बोलायचं. प्रेक्षक खूश. अण्णाभाऊंनी ती गवळण काढून टाकली. गणपतीच्या गणाऐवजी मातृभूमीला आणि राबणाऱ्या माणसांना वंदन घातलं. आणि तरीही त्यांच्या खेळाला माणसं कमी आली नाहीत. म्हणजे बाईची टिंगल केल्याशिवाय पुढाऱ्याची टिंगल करता येते आणि लोक पोट धरून हसतात, हे याच घाटकोपरात राहणाऱ्या माणसानं सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. कुणी आपल्याला म्हणालं, "ताई, विनोदात असं चालायचंच", तर त्याला चिरागनगरचा पत्ता द्या.

आता रंगमंचावरून पडद्याकडे येऊ. राजकारणावरच्या विनोदाला या देशात सगळ्यात मोठी शिक्षा झाली ती 'किस्सा कुर्सी का' या हिंदी चित्रपटाला. तो काढला अमृत नाहटा यांनी. ते स्वतः काँग्रेसचे खासदार होते, बाहेरचे कुणी नव्हते. १९७५ च्या एप्रिलमध्ये चित्रपट सेन्सॉर मंडळाकडे गेला. मंडळानं तो सरकारकडे पाठवला. सरकारनं नोटीस काढली, तीत ५१ आक्षेप. नाहटांनी जुलैमध्ये उत्तर दिलं की यातली पात्रं काल्पनिक आहेत, कुणा पक्षाशी वा व्यक्तीशी त्यांचा संबंध नाही. तोवर आणीबाणी आलेली होती. चित्रपटाच्या सगळ्या प्रती ताब्यात घेतल्या गेल्या आणि नाहीशा झाल्या. गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात त्या जाळल्या, असा खटला पुढे उभा राहिला. २७ फेब्रुवारी १९७९ रोजी संजय गांधी आणि माजी माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल यांना खालच्या न्यायालयानं शिक्षा सुनावली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. नाहटांनी चित्रपट पुन्हा बनवला, १९७८ मध्ये तो लोकांपुढे आला. पण पहिला चित्रपट गेला तो गेलाच.

हा इतिहास पुष्कळांना माहीत असतो. त्या चित्रपटात एक बाई आहे, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ती भूमिका शबाना आझमींनी केली. बाईचं नाव जनता. आणि जनता मुकी आहे. सगळे तिच्या नावानं बोलतात, तिच्या नावानं शपथा घेतात. तिला बोलता येत नाही.

हे बघताना मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. पहिली ही की, किती खरं आहे! दुसरी ही की, जनता मुकी दाखवायची तर ती बाईच का? लबाड पुढारी पुरुष, ढोंगी बुवा पुरुष, आणि सोसणारी, न बोलणारी ती बाई. मावशी, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे आहे. आपण त्या चित्रपटात आहोत, पण मुक्या आहोत. 'सिंहासन'मध्येही खुर्चीच्या खेळात सगळे पुरुष आहेत. बाया आहेत त्या कुणाच्या घरातल्या, कुणाच्या ओळखीतल्या. पट पुरुषांचा आहे.

आणि बाई पटावर आली की काय होतं? त्याच १९७५ साली गुलजारांचा 'आंधी' आला. सुचित्रा सेन त्यात निवडणूक लढवणाऱ्या पुढारी होत्या. साडी, केसांतली पांढरी बट, चालण्याची ढब पाहून लोकांना इंदिरा गांधी आठवल्या. काही महिने चित्रपटगृहांत चालून झाल्यावर आणीबाणीत त्याच्यावर बंदी आली. सरकारला झोंबलं ते काय? बाई पुढारी सिगरेट ओढते, दारू पिते, हे. त्या दृश्यांवर कात्री चालली. १९७७ मध्ये सरकार बदललं तेव्हा तो पुन्हा दिसला. बघा, पुरुष पुढाऱ्यावर चित्रपट निघतो तेव्हा वाद होतो त्याच्या भ्रष्टाचारावर. बाई पुढाऱ्यावर निघतो तेव्हा वाद होतो तिच्या हातातल्या सिगरेटवर आणि तिनं सोडलेल्या नवऱ्यावर. चित्रपट काढणारा आणि बंदी घालणारा, दोघांचीही नजर तिच्या चारित्र्यावरच जाते.

म्हणजे आपलं दोन्हीकडून भांडण आहे. सरकारशी आहे, कारण ते हसू देत नाही. आणि हसवणाऱ्यांशीही आहे, कारण हसवताना त्यांना आपण दिसत नाही, दिसलो तर टिंगलीसाठी दिसतो. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ चाच. पोलिसांच्या हप्त्यांवर त्यात जे आहे ते अजून हसवतं. पण त्याच हशात बाईच्या अंगावरची दुहेरी अर्थाची वाक्यंही चालून जातात. माझे वडील दादांचे मोठे चाहते. घरात ती वाक्यं म्हणून ते हसायचे आणि आई पदर तोंडाला लावून आत जायची. ती हसत होती की शरमत होती, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

अशा वेळी आपल्या मनात सरळ एक विचार येतो, की हे कापा. ही दृश्यं काढा, हे संवाद काढा, हा चित्रपट बंद करा. इथं मी त्या अडचणीच्या गोष्टीकडे येते.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी विशीतली. इथल्याच एका चित्रपटगृहाबाहेर बलात्काराच्या दृश्याचं भलंमोठं पोस्टर लागलं होतं. बाई जमिनीवर, साडी फाटलेली, आणि वर हिरोचं नाव. आम्ही बाराजणी डांबराचा डबा घेऊन गेलो आणि पोस्टरला काळं फासलं. त्या काळात ठिकठिकाणी बाया असं करत होत्या. मला आजही त्याची लाज वाटत नाही. मग आम्ही चौकीत निवेदन द्यायला गेलो. साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. म्हणाले, "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे. असलं काही चालू द्यायचं नाही." दुसऱ्या दिवशी पोस्टर उतरलं. आम्ही पेढे वाटले.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आम्ही रेशनच्या काळ्या बाजारावर पथनाट्य बसवलं. आमच्यातल्या एकीनं पोटाला उशी बांधली, मिशी लावली, टोपी घातली आणि ती पुढारी झाली. चौकात प्रयोग सुरू झाला, दोनशे माणसं जमली, हशा पिकला. अर्ध्यावर पोलिसांची गाडी आली. तेच साहेब उतरले. बाईनं पुरुषाचा वेश करून पुढाऱ्याची चेष्टा करणं अश्लील आहे, शिवाय शांतता भंग होते, असं सांगून त्यांनी प्रयोग बंद केला. आम्ही वाद घालायला लागलो तर म्हणाले, "ताई, असलं काही चालू द्यायचं नाही."

शब्द न शब्द तोच. चहा तेवढा मिळाला नाही.

तेव्हा आम्हाला वाटलं की हा माणूस वाईट आहे, पुढाऱ्याच्या खिशातला आहे. असेलही. पण मला पुढे कळलं ते असं की, पोस्टर उतरवताना तो आमच्या बाजूला आलाच नव्हता. तो त्याच्या जागीच उभा होता. काय दिसावं आणि काय दिसू नये हे ठरवायची त्याची सवय होती. आम्ही एकदा त्या सवयीला टाळ्या दिल्या. दुसऱ्या वेळी तीच आमच्यावर उलटली.

आता हे मोठ्या पटावर बघा. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा आला. आपल्या चळवळीनं त्यासाठी आवाज उठवला होता. १९९१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं चित्रपटांना प्रमाणपत्र देण्याची मार्गदर्शक सूत्रं काढली. स्त्रियांना हीन लेखणारी, त्यांची बदनामी करणारी दृश्यं दाखवू नयेत, असं एक कलम त्यात आहे. वाचायला किती चांगलं! आपल्यातल्या पुष्कळजणींनी तेव्हा ते आपलं यश मानलं. मीही मानलं.

मग २०१७ चा जानेवारी उजाडला. अलंकृता श्रीवास्तव या दिग्दर्शिकेनं चार बायांची गोष्ट सांगणारा 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' हा चित्रपट केला. चार वयांच्या चार बाया, त्यांच्या इच्छा, त्यांची चोरटी सुखं. मंडळानं प्रमाणपत्र नाकारलं. पत्रात कारण दिलं की गोष्ट बायकांच्या बाजूची आहे आणि त्यांची स्वप्नरंजनं आयुष्याच्या वर जातात. आणि ज्या सूत्रांचा आधार घेतला त्यात ते कलमही होतं, स्त्रियांच्या बदनामीचं! बाईनं, बायांबद्दल, बायांच्या नजरेनं केलेला चित्रपट बायांच्या रक्षणाचं कलम लावून अडवला. पुढे अपील न्यायाधिकरणानं एप्रिलमध्ये तो मोकळा केला आणि जुलैत तो लागला. त्या दिवशी मला चौकीतला चहा आठवला.

आणखी मागे गेलं तर ख्वाजा अहमद अब्बास यांची गोष्ट आहे. १९६८ च्या सुमाराला त्यांनी चार महानगरांवर एक छोटा माहितीपट केला. श्रीमंतांची मुंबई आणि गरिबांची मुंबई शेजारी शेजारी दाखवली. त्यात मुंबईतली वेश्यावस्ती होती. मंडळानं ती दृश्यं कापायला सांगितली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असताना सरकारनं त्यांचा चित्रपट न कापता सोडायचं कबूल केलं. पण चित्रपट आधी तपासायची पद्धत मात्र घटनेला धरून आहे, असा निकाल १९७० मध्ये लागला. तो पाया आजही आहे. ज्या बाया पुरुषांच्या बाजारात उभ्या केल्या जातात त्या चालतात, त्या पडद्यावर दिसल्या की सभ्यता बिघडते.

तेव्हा मैत्रिणींनो, कात्री एकच असते. अश्लीलतेची वेगळी, राजकारणाची वेगळी, अशा दोन कात्र्या मंडळाच्या खणात ठेवलेल्या नसतात. १९५२ च्या सिनेमा कायद्यात एकाच कलमात सगळं बसलंय, देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी. कात्री धरणारा त्यातलं सोयीचं ते उचलतो. पुढाऱ्याची टिंगल कापायची असेल तेव्हा 'पुढाऱ्याची टिंगल' असं कुणी लिहीत नाही. सभ्यता लिहितात, सुव्यवस्था लिहितात, आणि कधी कधी आपलं नावही लिहितात, स्त्रियांचा सन्मान म्हणून.

एक बहीण मान हलवतेय, तिच्या मनात काय आहे ते मला कळतं. मग बलात्काराची दृश्यं चवीनं दाखवायची ती दाखवू द्यायची का? नाही. गप्प बसायचं असं मी म्हणतच नाही. आपण बोलू, लिहू, चित्रपटगृहाबाहेर फलक घेऊन उभं राहू, तिकीट काढणार नाही, दुसऱ्यांना काढू नका म्हणून सांगू. लहान मुलांनी काय पाहावं यासाठी वयाचे शिक्के असावेत, ते २०२३ च्या दुरुस्तीनं सात, तेरा, सोळा असे केलेही आहेत. एखाद्या खऱ्या बाईचं तिच्या मर्जीविरुद्ध चित्रण केलं, चित्रीकरणात तिच्यावर जबरदस्ती झाली, तर तो सरळ गुन्हा आहे, त्यासाठी फौजदारी कायदा आहे. पण मोठ्या माणसांनी काय पाहायचं हे ठरवायचा मक्ता सरकारला देऊ नका. आज आपण मागितलं म्हणून ते देतील. उद्या आपलंच काढून घेतील.

आणि काढून घेतात तेव्हा ते आधी कुणाचं घेतात? इथून महामार्गाच्या कडेनं गेलं की रमाबाई नगर. ११ जुलै १९९७ च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि दहाजण मेले. त्या दिवसाच्या आठवणी या खोलीत बसलेल्या काहीजणींच्या घरात आहेत, मी त्या उकरत नाही. शाहीर विलास घोगरे यांना ते सोसलं नाही, काही दिवसांत त्यांनी जीव दिला. तिथून आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' सुरू होतो. चौदा वर्षं लागून तो २०११ मध्ये पुरा झाला. तो दुःखाचा चित्रपट आहे, पण त्यात हसूही आहे. वस्तीतल्या गायकांनी सत्तेला, जातीला काढलेले चिमटे आहेत. कबीर कला मंचाची शीतल साठे त्यात गाते. ती गाते तेव्हा ती मुकी जनता नाही. त्या शीतलला बेकायदेशीर कृत्यं रोखण्याच्या कायद्याखाली आरोप लागला. २ एप्रिल २०१३ रोजी ती विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाली तेव्हा गरोदर होती. जूनअखेर उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला.

कागदावर आरोप गाण्याचा नव्हता, हे खरं. पण मोठ्या निर्मात्याचा चित्रपट अडला तर तो वकील लावतो, वर्तमानपत्रात चर्चा होते. वस्तीतली बाई बोलायला लागली तर तिच्या दारात गाडी येते. म्हणून सेन्सॉरचा प्रश्न सिनेमावाल्यांचा आहे, आपला नाही, असं समजू नका.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

एक, राजकारणावरचा चित्रपट किंवा नाटक अडवलं गेलं की आपण त्याच्या बाजूनं उभं राहू, त्यातलं बाईचं चित्रण आपल्याला पटलेलं नसलं तरी. आधी तो लोकांपुढे येऊ द्या, मग आपण त्याची सालं काढू. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर गदा आली तेव्हा त्यातल्या चंपाबद्दल बायांची मतं वेगवेगळी होती. ती मतं मांडता यायला नाटक आधी दिसायला हवं होतं. आपल्या राज्यात नाटकाची संहिता आजही आधी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, हेही विसरू नका.

दोन, मंडळावर बाया असाव्यात ही मागणी बरोबर आहे. २०२४ च्या नियमांत किमान एक तृतीयांश बाया असाव्यात असं आलंही आहे. पण बाईच्या हातात दिली म्हणून कात्रीची सुई होत नाही. तिथं बसणाऱ्या बाईला आपण विचारत राहिलं पाहिजे, की तू कापतेस कुणासाठी?

तीन, अपिलाची स्वस्त सोय परत हवी. ज्या न्यायाधिकरणानं 'लिपस्टिक' सोडवला ते २०२१ मध्ये रद्द झालं. आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. उसनवारी करून पहिला चित्रपट काढणाऱ्या मुलीला ते कसं परवडणार?

आणि चार, सगळ्यात महत्त्वाचं. आपण स्वतः हसवायला शिकू या. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेनं 'मुलगी झाली हो' उभं केलं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं. गावोगाव बायांनी ते केलं. हुंडा, मुलगी झाल्याचं रडगाणं, सगळं त्यात होतं आणि लोक हसत हसत गंभीर होत होते. आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे. नळाला पाणी येतं त्या पंधरा मिनिटांवर, शौचालयाच्या उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांवर, निवडणुकीच्या आदल्या रात्री वाटल्या जाणाऱ्या साड्यांवर आपण पाच मिनिटांचा चित्रपट काढू शकत नाही का? कथा आपल्याकडे आहेत. पोटाला बांधायची उशीही आहे.

त्या पथनाट्यात मिशी लावणारी आमची मैत्रीण आता आजी झालीय. ती इथंच मागे बसलीय, आणि मी मघापासून बघतेय, ती तोंड दाबून हसतेय. तिला विचारा, गाडी आली तेव्हा तिनं काय केलं. साहेब 'खाली उतरा' म्हणाले. ती मिशी न काढता उतरली, पुढाऱ्याच्या थाटात साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाली, "काय साहेब, मत कुणाला?" लोक एवढे हसले की साहेबांचा एक शिपाईसुद्धा हसला.

मावशी, तुम्ही विचारलंत यात आपण कुठं. दुसऱ्याच्या चित्रपटात आपण मुक्या आहोत. आपला अजून निघायचाय. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एकेक प्रसंग लिहून आणा. लिहिता येत नसेल तिनं सांगा, आपण उतरवून घेऊ.